शिकाऊ बाई

भवानी पेठेत बालवाडीच्या नव्या शिक्षिकांचं प्रशिक्षण चाललं होतं. शमशाद आपल्या चार वर्षांच्या लेकीला, अकबरीला घेऊन दारात आली. "हिला घ्या की, बाई. ऐकू येत न्हाय, पन लई हुशार हाय."

प्रशिक्षण द्यायला बाहेरगावाहून आलेल्या बाई हळहळल्या. "हिच्याशी खुणांनी बोलावं लागेल. आमच्या शिक्षिकांना ते कुठून येणार?"

तोवर अकबरी खुदकन हसलीसुद्धा. पुढे बसलेल्या शिकाऊ शिक्षिका गोजरबाईशी तिच्या हातांनीच गप्पा रंगल्या होत्या.

गोजरबाई म्हणाली, "हिच्या आईसंगं मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्यात की मी. त्या खडखडाटात आमी समद्या असंच बोलायचो."

बाईंनी अकबरीचं नाव लिहून घेतलं. "आता काय म्हणतेय ती?"

"ह्या बाईंना येत न्हाय, तर त्यांना माज्यापाशी बसू द्या म्हणतीया."