पेशाचा रकाना

बाबांनी चौथ्यांदा मास्क ओढून काढला. सिस्टरने तो पुन्हा बांधला आणि मुलाकडे असं पाहिलं, जणू हट्ट तोच करतोय. मशीन हवा आत ढकलायचं आणि नेमके तेव्हाच बाबा श्वास बाहेर सोडायचे. दोघांचं काही केल्या जमत नव्हतं. संध्याकाळपर्यंत असंच चाललं तर घशात नळी घालावी लागेल, आणि या वयात ती पुन्हा निघेलच असं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

संगीत ऐकवून रुग्णांना मशीनची सवय लावणाऱ्या एक बाई तिथे होत्या. त्यांनी दोन दिवस संथ बासरी लावून पाहिली. बाबा आणखीच बिथरले. शेवटी बाईंनी भरतीचा कागद काढला. पेशाच्या रकान्यात मुलाच्या अक्षरात 'कारकून' लिहिलं होतं.

"नोकरीबिकरी सोडा. यांचा जीव कशात रमायचा?"

मुलाने त्या रकान्याकडे पाहिलं. बाबांनी चाळीस वर्षं भाड्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं होतं. लाल कोट घालून लोकांच्या लग्नात सगळ्यांच्या पुढे चालायचं आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायचं. त्या कोटाची त्याला लाज वाटायची. नोकरी लागली तसं त्याने ऑफिसात वडील कारकून होते म्हणून ठोकून दिलं, आणि पुढे तीच थाप सगळीकडे चालवली. स्वतःच्या लग्नात बँड नको म्हणाला तेव्हा बाबा नुसतं "बरं" म्हणाले होते. त्यांना यातलं काही ठाऊक नाही, याच समाधानावर त्याने वीस वर्षं काढली.

"क्लॅरिनेट वाजवायचे," तो मान खाली घालून म्हणाला. "बँडमध्ये."

बाईंनी कागद बाजूला ठेवला. हे आधी कळलं असतं तर बासरीच्या नादी लागलेच नसते, जन्मभर तालावर श्वास घेतलेल्या माणसाला फक्त ठेका हवा होता, असं म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत, हेच त्याला जास्त लागलं.

त्यांनी मोबाइलवर बँडची एक सावकाश चाल लावली, तिची लय मशीनच्या ठेक्याशी जुळवली आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून मात्रा मोजायला लागल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बाबांची बोटं चादरीवर हलायला लागली. छाती मशीनबरोबर वर आली, मशीनबरोबर खाली गेली. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा एकेक करत चढला. मुलाला रडू आवरेना. इतकी साधी गोष्ट सांगायला आपल्याला दोन दिवस लागले, याचं त्याला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात त्याच्या ऑफिसातले वरिष्ठ भेटायला आले. "या साहेब," तो डोळे पुसत म्हणाला. चाल वाजतच होती, आणि आज त्याने ती वाजू दिली.

बाबांची बोटं मात्र थांबली. त्यांनी एक हात चादरीखाली लपवला, दुसऱ्याने मास्क वर सारला आणि धापा टाकत म्हणाले, "बंद कर ते. तुझे साहेब आलेत."