फितीचं दुसरं टोक

पुस्तकाचं प्रकाशन अजून अर्धा तास लांब होतं आणि ताईंचे गुडघे आत्ताच संपावर गेले होते. म्हणून त्या चर्चच्या वेदीकडच्या कोनाड्यात जाऊन दगडी बैठकीवर टेकल्या. समोर, घुमटाच्या पलीकडे, दाराकडच्या कोनाड्यात त्यांचा धाकटा भाऊ प्रकाशकाशी बोलत उभा होता. मधे चाळीस पावलं फरशी, रिकामी बाकं, आणि टेबलावर चकचकीत कागदात बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा. याच चर्चचा इतिहास आणि स्थापत्य, चारशे पानं. मुखपृष्ठ ताईंनी पाहिलं नव्हतं. गंमत राहू दे, असं भाऊ म्हणाला होता.

साऱ्या शहरासाठी तो 'सर'. ताईंसाठी बासष्टाव्या वर्षीही बाळ्याच. आई गेल्यावर शिवणाच्या मशीनवर त्याचं कॉलेज त्यांनीच पार पाडलं होतं.

अकरा वर्षं दर शनिवारी दुपारी दोघं इथे यायचे. सर वही धरायचे, ताई मापाची फीत. सरांना सगळं पाठ होतं. पाया कधी घातला, कमानींचा दगड कुठल्या खाणीतला, वीज पडून जळालेलं छप्पर कोणी पुन्हा चढवलं. घुमट गोल आहे हेही पाठ होतं, कारण दोनशे वर्षं जो तो तसंच लिहीत आला होता. एके दिवशी ताईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, हा गोल नाही, याचे खांदे सारखे नाहीत. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतलेली बाई. दोन खांदे सारखे असलेला माणूस तिला अजून भेटायचा होता. सर मनसोक्त हसले. मग ताई एकट्याच घुमटाच्या सज्ज्यावर चढल्या आणि फीत लावून आल्या. वेदी ते दार, घुमट आडव्या मापापेक्षा हातभर जास्त भरला.

त्या हातभरावर सर तीन परिषदा आणि एक पदक जेवले. पदक मिळालं त्या दिवशी त्यांनी शब्द दिला की मुखपृष्ठावर दोघांची नावं येतील. ताईंचं सगळं आयुष्य टाका दिसू नये म्हणून धडपडण्यात गेलेलं. टाका दिसला तर शिवणारी वाईट. आता एकदा तरी दिसावा, एवढंच त्यांना वाटलं. त्या एका शब्दावर पुढची सहा वर्षं त्या सज्ज्याच्या ब्याण्णव पायऱ्या चढल्या. गुडघे गेले ते तिथेच.

पाचवं प्रकरण या दोन कोनाड्यांचं होतं. वेदीकडच्या कोनाड्यात कुजबुजलं, की दाराकडच्या कोनाड्यात कानाशी बोलल्यासारखं ऐकू येई. सर नेहमी वेदीकडे उभे राहून बोलायचे. ताई दाराकडे उभ्या राहून ऐकायच्या आणि ऐकू आलं की हात वर करायच्या. असं शंभरदा झालं, आणि शंभरातून सरांनी एक सिद्धांत काढला. आवाज एकाच दिशेनं जातो. बांधणाऱ्यांनी तो मुद्दामच तसा नेला. वेदीचा शब्द लोकांपर्यंत पोचावा, लोकांची कुरकुर वेदीपर्यंत पोचू नये. वर्तमानपत्रांनी हा सिद्धांत चौकटीत छापला.

एकदा मी बोलते, तू ऐक की, असं ताईंनी सुचवून पाहिलं होतं. फीत कुठल्याही टोकानं धर, माप तेवढंच भरतं. त्यावर सर म्हणाले होते, तुला बोलण्यासारखं असं काय आहे ताई? भाजी काय करायची ते घरी सांग.

आणि आज गुडघ्यांच्या कृपेनं ताई पहिल्यांदाच या टोकाला बसल्या होत्या.

"हळू बोला, त्या समोरच बसल्यात," कानाशी कुणीतरी म्हणालं. ताईंनी दचकून मागे पाहिलं. मागे नुसता दगड.

"बिनधास्त बोला हो. इथला आवाज तिकडे जात नाही." हा सरांचा आवाज. "पाचवं प्रकरण वाचलं नाहीत वाटतं?"

"नाही म्हणजे, त्यांचं नाव शेवटी मुखपृष्ठावर आलंच नाही. घुमटाचं माप त्यांनीच काढलं ना?"

"आभारात आहे की, छायाचित्रकाराच्या खाली. अहो, फितीचं एक टोक धरायची ती. ती नसती तर मी खिळा ठोकला असता. खिळ्याचं नाव कोणी मुखपृष्ठावर घालतं का?"

दोघं हसले. ते हसू घुमटाला वळसा घालून आलं आणि सावकाश ताईंच्या मांडीवर उतरलं.

ताईंनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला. मग त्या दगडाकडे जरा कलल्या. परीक्षेच्या दिवसांत पहाटे त्याला उठवताना लावायच्या, तोच आवाज त्यांनी लावला.

"बाळ्या, खिळा बोलतोय."

चाळीस पावलांवर सर ताठ झाले. प्रकाशकानं आधी वर घुमटाकडे पाहिलं, मग वेदीकडे, मग टेबलावरच्या गठ्ठ्याकडे. प्रती हजार छापल्या होत्या, आणि हजारही प्रतींत पाचवं प्रकरण होतं. दारातून पहिले पाहुणे आत यायला लागले.

"ताई," सरांचे ओठ जेमतेम हलले, "तुला तिकडे ऐकू येतंय?"

"अक्षर न् अक्षर," ताई म्हणाल्या. "आणि बरं केलंस हो, मुखपृष्ठावर तुझं एकट्याचंच नाव घातलंस."