ग्रहणातली विळी

“म्हणजे लवकर जन्मलं की डोळ्यांना धोका?” सासूबाईंनी डॉक्टरांना तिसऱ्यांदा विचारलं. माझं बाळ सातव्या महिन्यातलं. आज त्याच्या डोळ्यांची पहिली तपासणी होती.

“हो, आजी. आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या पुरत्या वाढलेल्या नसतात. पण याचे डोळे चांगले आहेत. पंधरा दिवसांनी पुन्हा आणा.”

माझा जीव भांड्यात पडला, पण सासूबाई उठेनात.

“वजन सव्वा किलो असलं तर?”

“धोका वाढतो.”

“महिनाभर पेटीत ठेवून ऑक्सिजन दिला असेल तर?”

“जास्त झाला तर आणखी वाढतो.”

मी गोंधळले. आमचं बाळ दीड किलोचं, ऑक्सिजन चारच दिवस लागलेला. त्या कुणाबद्दल विचारत होत्या?

“आणि आईनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली असेल तर?”

डॉक्टर हसले. “त्यानं काही होत नाही हो.”

सासूबाई हसल्या नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी त्यांची थोरली लेकही सातव्याच महिन्यात जन्मली होती; माझ्या या वन्संना कधी दिसलंच नाही. सासूबाईंनी तिथूनच त्यांना फोन लावला.

“कुमुद, ऐकतेस ना? ते माझ्या विळीनं नव्हतं गं झालं.”