नव्या हद्दीबाहेरची टाकी

टेम्पोत चढवायला पंडितने टाकीला दोर आवळला तेव्हा मंजुळाबाई टाकीच्या आत होती. टँकर यायच्या आधी तळाचा गाळ काढायची त्या दिवशी तिची पाळी होती. टाकी गदागदा हलली तशी तिने आतूनच विचारलं, कोण आहे.

पंडित हा अर्जुनरावांचा माणूस. अर्जुनराव म्हणजे शहरातल्या एका पतसंस्थेचे चेअरमन आणि आमदारकीचे कायमचे उमेदवार. दुष्काळात लोकांची तहान बघून त्यांचं मन द्रवलं होतं. म्हणून त्यांनी वस्तीला ही पाच हजार लिटरची टाकी दिली आणि तिच्यावर वीतभर अक्षरांत स्वतःचं नाव रंगवून घेतलं. परवा मतदारसंघांच्या नव्या हद्दी जाहीर झाल्या. वस्ती शहराच्या मतदारसंघातून बाहेर पडली आणि द्रवलेलं मन दोन दिवसांत कोरडं ठणठणीत झालं.

चाळीस वर्षांत वस्तीची ही तिसरी बदली. शहरात मतदार कमी पडले की वस्ती आत, जास्त झाले की बाहेर. एकाही घराची चूल कधी हलली नव्हती.

पंडितने सांगितलं की टाकी आता पाली गावाच्या बाजूच्या वस्तीला जाणार, तिथली मतं अजून साहेबांच्या हद्दीत आहेत. सांगताना त्याची जीभ जराही अडखळली नाही. भोवती बाया जमल्या होत्या. टाकी नसेल तिथं सरकारी टँकर थांबत नव्हता. एकेक घागर भरून द्यायला ड्रायव्हरला वेळ नसायचा.

"मावशी, बाहेर या," पंडित म्हणाला.

"न्हाई येत."

त्याने शिडीवर चढून आत डोकावलं, गोड बोलून पाहिलं, मग साहेबांना फोन लावला. साहेब मोठ्याने बोलत होते, त्यामुळे सगळ्या वस्तीला ऐकू गेलं. त्या बाईचं मत आता आपल्या कामाचं नाही, तिची समजूत घालत बसू नका, असं ते म्हणाले. हेच साहेब मागच्या निवडणुकीत मंजुळाबाईच्या पाया पडले होते.

तेवढ्यात टँकर आला. धुळाजी ड्रायव्हरने दोर पाहिला, टेम्पो पाहिला आणि पुढे जाऊ का, म्हणून विचारलं.

"पानी सोड," टाकीतून आवाज आला.

"आवं, तुमी आत हाव."

"सोड म्हनते ना. खेपेच्या वहीवर सही मीच करते. पानी न्हाई तर सही बी न्हाई."

सहीशिवाय खेपेचे पैसे मिळत नव्हते. धुळाजीने पाइप उचलला. पंडित धावत आला. पाणी घाण होईल, लोकांना प्यायचं आहे, असं तो म्हणू लागला. लोकांच्या पिण्याची काळजी त्याला तेव्हाच आठवली.

"तुझ्या सायबाला तीन निवडनुका सोसलं वस्तीनं," आतून मंजुळाबाई म्हणाली. "माझ्या पायाचं पानी सोसंल."

बाया हसल्या. त्यांच्यातल्या सरूबाईने शिडीवर चढून पाइपाचं तोंड टाकीत धरलं. पंडितने आणि टेम्पोवाल्याने दोर ओढला. टाकी हातभर सरकली. पुन्हा ओढला, तर चार बोटं सरकली. मग दोघांनी मिळून जोर लावला आणि दोघांचे पाय मातीत घसरले.

पाणी छातीला लागलं तेव्हा मंजुळाबाई आतल्या पालथ्या बादलीवर उभी राहिली. टाकीच्या तोंडातून तिचं डोकं वर आलं, मग खांदे. ओला पदर तिने डोक्यावर नीट घेतला.

त्या उन्हाळ्यात वस्तीत घोटभर पाणीसुद्धा कुणी वाया घालवत नव्हतं. तिने ओंजळीने एक चूळ भरली, सावकाश तोंडात खळखळवली आणि पंडितच्या पायाशी टाकली.

"आता उचल," ती म्हणाली.