सकाळचे उड्डाण

"सकाळचं उड्डाण मी सोडणार नाही," आत्या म्हणाली आणि तिने शांतपणे चष्मा पुसायला घेतला.

पुतण्याने वेळांचा तक्ता पुन्हा तिच्यापुढे सरकवला. सभागृहात टेबलाटेबलांशी विमान कंपन्यांची माणसे समोरासमोर बसून घासाघीस करीत होती. मोठ्या विमानतळावर उतरण्याच्या आणि उडण्याच्या वेळा मोजक्याच असतात. हंगामापूर्वी त्यांची अदलाबदल होई ती येथेच. येथला शिरस्ता असा, की आपल्याला जे हवे ते ओठांवर येऊ द्यायचे नाही. आले की त्याचे मोल चढते. पुतण्याची ही चूक पहिल्याच दिवशी झाली होती.

तो एका बलाढ्य कंपनीचा प्रतिनिधी होता. आत्याच्या कंपनीजवळ होते एकच लहानसे विमान. ते रोज सकाळी बेटावरून येई, प्रवासी उतरवी आणि लगेच परत उडे. ती उडण्याची वेळ घेतल्यावाचून परतू नकोस, असे वरिष्ठांनी त्याला बजावले होते. त्याची बढती तेवढ्यावर अडली होती.

त्याने पहाटेची वेळ देऊ केली. मग मध्यान्हीची. मग दोन्ही. साम, दाम, भेद असे तिन्ही उपाय योजून झाले. दंडाचा प्रश्नच नव्हता. लहानपणी तो अधिकार आत्याकडेच होता. ती तसूभर हलली नाही. तोही उठला नाही.

चहाच्या वेळी तिने विचारले, दादाला फोन केलास का. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, याचे वडील. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. डायलिसिससाठी ते बेटावरून आत्याच्याच विमानाने शहरातल्या रुग्णालयात येत. त्या शहरात त्यांचे कोणी नव्हते. मुलाची नोकरी तिसऱ्याच गावी.

"कालची रात्रही त्याने दवाखान्याच्या बाकावर काढली," आत्या म्हणाली.

आता ही मायेचा फासा टाकते आहे, हे पुतण्याने ओळखले. बैठक आटोपली की करतो, म्हणून त्याने विषय मिटवला आणि मन अधिकच घट्ट केले.

सभागृह रिकामे होऊ लागले तेव्हा त्याने अखेरचे पान टाकले. सूर्यास्ताच्या सुमाराची एक वेळ त्याच्या कंपनीकडे होती. अगदीच निरुपाय झाला तर ती देण्याची त्याला मुभा होती. आत्या पुष्कळ वेळ तक्त्याकडे पाहत राहिली. मग तिने सुस्कारा सोडला.

"तूही चिवट निघालास, बाळ्या. आमच्याच घराण्यातला," असे म्हणून तिने सही केली.

पुतण्याने कागद जपून पिशवीत ठेवले. जिंकल्यावर त्याला आत्याची दया आली. तिला दारापर्यंत पोचवताना तो आवाज मऊ करून म्हणाला, "रागावू नकोस, आत्या. पण सकाळी आलेलं तुझं विमान आता संध्याकाळपर्यंत नुसतं उभं राहणार. हे तुझ्या लक्षात आलं ना?"

"वर्षापूर्वीच आलं," आत्या म्हणाली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उपचार संपायला दुपार उलटते, बाळ्या. सकाळी लगेच परतणारं विमान तुझ्या बाबांच्या कधी कामाचं होतं?"