शागिर्दाचा प्रश्न

ओयदिननं एंटर दाबलं आणि मग वाचलं.

‘पाण्याचा वरचा दरवाजा पूर्ण उघडण्याची आज्ञा पाठवली. उत्तराची वाट पाहतोय.’

तिची नजर पडद्यावरच्या खिडकीच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे ‘नमुना’ लिहिलेलं असायला हवं होतं. ‘कालवा’ लिहिलेलं होतं.

तिच्या पडद्यावर दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघड्या होत्या, जुळ्या बहिणींसारख्या. एकीतून सरावासाठी संगणकातल्या खोट्या कालव्याशी बोलायचं, दुसरीतून गावाबाहेरच्या खऱ्या कालव्याशी. दोन्हींत तोच मदतनीस बसलेला. पाटबंधारे खात्याच्या त्या कचेरीत सगळे त्याला शागिर्द म्हणत. हाडामांसाचा नव्हता तो. त्याला साध्या शब्दांत काम लिहून द्यायचं. तो प्रोग्राम लिहायचा, तपासायचा, आणि प्रत्येक पावलाआधी अदबीनं विचारायचा, ‘करू का?’ ओयदिन एंटर दाबायची. म्हणजे ‘हो’. सकाळपासून तिनं किती वेळा ‘हो’ म्हटलं होतं, ते अल्लालाच ठाऊक.

आणि आज हशर होता. पाणी सुटण्याआधी अख्खी वस्ती कोरड्या कालव्यात उतरून गाळ उपसते, तो दिवस. माणसं फावडी घेऊन तळाशी होती. तिचे बाबाही. पुलाखालच्या अरुंद बोगद्यात सरपटत शिरू शकेल असा बारीक माणूस वस्तीत एकच होता, आणि दरवर्षी तो मान त्यांचाच असे.

चालू काम तोडायला तिनं कंट्रोल आणि सी दाबलं.

‘थांबलो,’ शागिर्दानं लिहिलं.

थांबला तो शागिर्द. आज्ञा केव्हाच तारेवरून पुढे गेली होती. किल्ली फिरवणाऱ्याचा हात धरला म्हणून उघडलेलं दार मिटत नाही. घाबरून तिनं तीच बटणं पुन्हा दाबली, पुन्हा दाबली. आता शागिर्दच उठून गेला. दरवाजा लाव म्हणून सांगायलाही कुणी उरलं नाही.

“हिकमत-अका!”

मुख्य अभियंता हिकमत-अका, कचेरीतले सगळ्यांचे थोरले दादा, पलीकडच्या टेबलावर चहा ओतत होते. “काय गं? रुसला वाटतं शागिर्द? दिवसभर त्याला हो-हो करत असतेस. एवढं ‘हो’ सासरी म्हण, सासू डोक्यावर घेऊन नाचेल.”

“अका, खरा दरवाजा उघडलाय मी.”

पियाला कलंडला. चहा टेबलभर पसरला, त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

“खाली माणसं आहेत, पोरी! तू बंद कर. मी वस्तीला कळवतो.”

ओयदिननं शागिर्दाला पुन्हा बोलावलं. तो आला, पण नवख्या पाहुण्यासारखा. ‘या जागेतल्या फाइलींवर विश्वास ठेवायचा ना?’ हो. ‘काय करू?’ ती लिहू लागली. एक शब्द चुकला, पुसला, परत लिहिला. दरवाजा बंद कर. ‘करू का?’ हो, हो!

‘बंद करण्याची आज्ञा पाठवली. उत्तराची वाट पाहतोय.’

खालची ओळ कोरीच राहिली.

हिकमत-अकांच्या कानाशी फोन नुसताच वाजत होता. का ते दोघांनाही ठाऊक होतं. हशरला लोक चपान, म्हणजे अंगावरचे लांब डगले, काढून काठच्या तुतीच्या झाडांना अडकवतात आणि फोन त्या खिशांत राहतात. पुलावाच्या कढईजवळ गाणी मोठ्यानं लावलेली असतात.

“उचला रे, कुणीतरी उचला,” अका पुटपुटत होते.

ओयदिननं बाबांना फोन लावला. एकदा वाजून थांबला. तिनं पुन्हा लावला.

“बोल, लवकर बोल.” बाबांचा आवाज घुमत होता. “फोनच्याच उजेडात काम करतोय इथे. तुझ्यापायी अंधार झाला ना.”

ते बोगद्यात होते.

“बाबा, बाहेर या! पाणी सुटलंय!”

“काय? उद्या सुटणार ना?”

“बाबा, विचारू नका. निघा! सगळ्यांना वर काढा!”

पलीकडे फावडं आपटलं. मग दगडांवर घासण्याचा आवाज, धाप, खोकला. मग काहीच नाही. तिनं डोळे मिटून घेतले. पाणी बोगद्याच्या तोंडाशी आलं की आतल्याला सुटायला वाव राहत नाही, एवढं ती लहानपणापासून ऐकत आली होती.

एकदम गाणं ऐकू आलं. ओरडणारी माणसं ऐकू आली.

“आलो गं बाहेर.” बाबा दम घेत म्हणाले. “सगळे काठावर आहेत. पण पाणी कुठाय? इथे तर धूळ उडतेय.”

हिकमत-अकांनी तिच्या खांद्यावरून वाकून माऊस घेतला. ‘कालवा’ची खिडकी ते वर सरकवू लागले. दुपार गेली, सकाळ आली. एका जागी त्यांचा हात थांबला.

‘वेळापत्रकात आज हशर दिसतोय, कालव्यात माणसं असतील. चुकून दरवाजा हलू नये म्हणून संध्याकाळपर्यंत मोटारीची वीज तोडून ठेवू का?’

खाली लिहिलं होतं, ‘हो’.

अका मटकन खुर्चीत बसले. मग हसू लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

“मोटारीला वीजच नाही! दरवाजा बोटभरही हलला नाही, पोरी!” त्यांनी दाराकडे तोंड करून बाहेर बसलेल्यांना हाक दिली. “या रे, बघा इकडे! याला म्हणतात डोकं. सकाळीच विचार करून वीज तोडून ठेवलीय हिनं. मला, एवढ्या वर्षांच्या माणसाला, सुचलं नव्हतं! उद्या अंदिजानच्या मोठ्या कचेरीतून साहेब येतील, त्यांच्यापुढे तुझंच नाव घेतो बघ.”

ओयदिननं मागे वळून पाहिलं नाही. तिची नजर त्या दोन ओळींवरून हलत नव्हती.

“अका,” ती म्हणाली, “हा प्रश्न मी आत्ता पहिल्यांदा वाचतेय.”