हुंदक्याचा लूप
समीक्षा हळदीच्या बँडमध्ये लॅपटॉप सांभाळायची. पडद्यावरच्या एकेका चौकोनावर बोट ठेवलं की ढोल, सनई, टाळ्या, हवं ते वाजायचं. त्या संध्याकाळी नेरे गावच्या मांडवात बँडमालक हृतिक म्हणाला, "नवीन लूप टाकलाय, लाल चौकोनात. मी मान हलवली की दाब." तिने दाबला आणि स्पीकरमधून बाईचा हुंदका फुटला, ढोलाच्या ठेक्यात, पुन्हा पुन्हा तोच. पोरं शिट्ट्या मारत नाचू लागली. समीक्षाने तो लगेच ओळखला. हा आवाज तिच्या आजीचा होता. आजी गावोगावच्या लग्नांत धवल्याची जुनी गाणी म्हणायची. ती जपावीत म्हणून समीक्षानेच याच लॅपटॉपवर रेकॉर्ड केली होती. लेकीच्या पाठवणीचं गाणं म्हणताना आजीला तिची वारलेली लेक, समीक्षाची आई, आठवली आणि गाता गाता तिला हुंदका फुटला. हृतिकने सगळं गाणं वगळून नेमका तेवढाच तुकडा कापला होता. समोर बायकांत बसलेली आजी कान देऊन ऐकत म्हणाली, "कोन बाय रडते गो? कोनी इचारीत कसा नाय तिला?" समीक्षाने लॅपटॉप मिटला. "पब्लिक पेटलंय आणि बंद काय करतेस?" हृतिक ओरडला. "माझ्या आजीचं रडणं आहे ते. ती बघ, समोर बसलीय." हृतिकने म्हातारीकडे निरखून पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. "मग तिलाच वर आण ना! लाईव्ह रडेल." समीक्षा त्याच्या पायाशी पचकन थुंकली आणि आजीचा हात धरून मांडवाबाहेर पडली.